शस्त्रक्रियेतील चूक आणि मागे राहिलेले घर

या वेळच्या टपालात एकाच विषयाची तीन पत्रे आली, दोन सातारा जिल्ह्यातून आणि एक सांगली जिल्ह्यातून. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत. रुग्णालयांची नावे मात्र मी स्वतःहून गाळली आहेत, कारण एकाच बाजूचे ऐकून कोणाचे नाव छापणे या सदराला शोभणार नाही.

प्रश्न : माझी पत्नी 42 वर्षांची होती. पित्ताशयात खडे असल्याने 4 नोव्हेंबर 2024 रोजी जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात तिची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी घरी सोडू, असे डॉक्टर म्हणाले होते. परंतु दुसऱ्याच दिवशी तिचे पोट फुगले आणि ताप चढला. आम्ही वारंवार सांगितले, तेव्हा ‘गॅस झाला आहे, थोडे चालवा’ एवढेच उत्तर मिळाले. पाचव्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसू लागल्यावर दुसरीकडे हलवण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या रुग्णालयात पोट पुन्हा उघडावे लागले. पित्तनलिकेला इजा होऊन पोटात पित्त साठल्याचे तेथील डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. 13 नोव्हेंबरला ती गेली. त्या अवस्थेत शवविच्छेदनाचा विचारही सुचला नाही, आम्ही तिला गावी नेले. पहिल्या रुग्णालयात विचारणा केली तर ‘संमतिपत्रावर तुमचीच सही आहे’ असे ऐकवले, आणि पोलीस ठाण्यात ‘डॉक्टरांवर असा गुन्हा दाखल होत नाही’ असे सांगून परत पाठवले. दोन्हीकडचा मिळून सव्वातीन लाख रुपये खर्च झाला. पत्नी तीन म्हशी सांभाळून डेअरीला दूध घालत असे, शेतातही राबत असे. दोन मुले शिकत आहेत. आता सव्वा वर्ष झाले. काही करता येईल का?
(कोरेगाव तालुका, जि. सातारा)

उत्तर : करता येईल, मात्र आधी तारखेचा हिशेब मनात पक्का करा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. ही दोन वर्षे मृत्यूच्या दिवसापासून मोजावीत, असा युक्तिवाद तुमच्या बाजूने करता येतो. तरीही ज्या वादात पडण्याची गरज नाही त्यात पडू नये, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख धरून 3 नोव्हेंबर 2026 हाच आपला शेवटचा दिवस समजा. सबळ कारण दाखवल्यास आयोग उशीर माफ करू शकतो. पण तो आयोगाच्या मर्जीचा भाग आहे, तुमचा हक्क नव्हे.

त्यानंतर कागद. दोन्ही रुग्णालयांकडे आजच लेखी अर्ज देऊन तुमच्या पत्नीच्या संपूर्ण आंतररुग्ण नोंदींच्या प्रती मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. वैद्यकीय व्यावसायिकांच्या वर्तणुकीसंबंधीच्या 2002 च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर 72 तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ती जपून ठेवावी लागतात. म्हणजे तुमच्या प्रकरणातील कागद अद्याप रुग्णालयात असलेच पाहिजेत. डिस्चार्ज कार्ड हाती पडले की बहुतेक कुटुंबे समाधान मानतात, पण त्या कार्डाचा उपयोग सर्वांत कमी. ऑपरेशन नोट, भूल देतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या फेरीच्या नोंदी, परिचारिकांची वही, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, पोटात नळी ठेवली असल्यास तिच्यातून किती आणि कोणत्या रंगाचा स्राव आला त्याचा तक्ता, रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि संमतिपत्र, असे सर्व नाव घेऊन मागा. दुसऱ्या रुग्णालयाची ऑपरेशन नोट हा तर तुमच्या दाव्याचा कणा ठरेल, कारण पोट उघडल्यावर आत काय दिसले हे एका शल्यचिकित्सकाने, तुमच्याशी कसलाही संबंध नसताना, त्याच दिवशी लिहून ठेवलेले असते. शवविच्छेदन न झाल्याची उणीव तुमच्या बाबतीत बऱ्याच अंशी या नोंदीने भरून निघेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होणे ही जगभर माहीत असलेली गुंतागुंत आहे. क्वचित का होईना, अनुभवी हातूनही ती घडते. त्यामुळे ‘नलिका कापली गेली, म्हणजे निष्काळजीपणा झाला’ एवढ्यावर तुम्ही तक्रार उभी केलीत, तर समोरचे वकील पाठ्यपुस्तकाचे पान काढून दाखवतील आणि तक्रार तेथेच लंगडी पडेल. तुमच्या पत्रातला खरा कायदेशीर प्रश्न 5 ते 9 नोव्हेंबर या दिवसांत दडलेला आहे. पोट फुगले, ताप आला, तरी सोनोग्राफी केव्हा केली? काविळीची रक्ततपासणी केव्हा पाठवली? रात्री रुग्णाला कोणी पाहिले, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर स्वतः किती वेळा आले, आणि दुसरीकडे हलवण्याचा निर्णय पाचव्या दिवसापर्यंत का लांबला? इजा झाल्याबद्दल डॉक्टरला क्षमा मिळू शकते, पण ती ओळखण्याची लक्षणे समोर असताना चार दिवस ‘गॅस’ म्हणत राहिल्याबद्दल ती मिळणे कठीण आहे. म्हणून कागद हाती आल्यावर एका वहीत तारीख आणि वेळ घालून त्या नऊ दिवसांचा तक्ता करा. एका बाजूला तुम्हाला आठवते ते, दुसऱ्या बाजूला रुग्णालयाने लिहिले ते. जेथे दोन्ही जुळत नाहीत, तेथे तुमच्या वकिलांनी बोट ठेवायचे आहे. मी वकिली करत असताना सर्वांत जास्त वेळ या तक्त्यावर घालवतो, युक्तिवादावर नव्हे.

डॉक्टरचे कर्तव्य कोणते, हा कायदा आपल्याकडे नवा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला 20 वर्षांचा एक तरुण 1953 साली पुण्यात उपचार सुरू असताना दगावला. त्या प्रकरणात, म्हणजे लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये सांगितले की रुग्ण स्वीकारायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे. वडिलांना मिळाले 3,000 रुपये, तेही 15 वर्षांनी. पैसे थोडे होते, पण ती तीन कर्तव्ये आजही प्रत्येक निकालपत्रात उद्धृत होतात.

संमतिपत्राच्या सहीला घाबरू नका. शस्त्रक्रियेत धोका असतो हे तुम्ही मान्य केले, एवढाच त्या सहीचा अर्थ. निष्काळजीपणे उपचार करण्याची परवानगी कोणतीही सही देत नाही, आणि ‘मृत्यू झाल्यास रुग्णालय जबाबदार नाही’ असे छापील वाक्य त्यात असले तरी त्याने जबाबदारी संपत नाही. उलट ते संमतिपत्र तुम्हीच नीट वाचा. समीरा कोहली प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की रुग्णाला शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके आणि अन्य पर्याय पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती होय. कोऱ्या जागा भरलेल्या नसलेला इंग्रजी छापील कागद आणि त्याखाली मराठीत सही, असे संमतिपत्र मी अनेकदा पाहिले आहे.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात करावी. दुसरे रुग्णालय जिल्ह्याबाहेर असले तरी हरकत नाही, कारण 2019 च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात जाण्याची मुभा दिली आहे. ग्राहक मरण पावल्यास त्याचे वारसदार तक्रार करू शकतात. तेव्हा तुमचे आणि दोन्ही मुलांचे नाव तक्रारदार म्हणून घाला. आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर उपचारांसाठी दिलेल्या रकमेवरून ठरते. ती रक्कम 50 लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्कही नाही. तुम्ही सव्वातीन लाख दिलेत, म्हणजे शुल्क शून्य. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि पहिले रुग्णालय यांना विरुद्ध पक्ष करावे. डॉक्टर ‘बाहेरून येतात, आमचे नोकर नाहीत’ हा रुग्णालयाचा बचाव सविता गर्ग प्रकरणातील 2004 च्या निकालानंतर फारसा टिकत नाही. दुसऱ्या रुग्णालयाला उगाच ओढू नका. त्यांच्या नोंदी तुम्हाला साक्षीसाठी हव्या आहेत. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिन्यांची मुदत लिहिली आहे. तेवढ्या वेळात वैद्यकीय तक्रार निकाली निघालेली मी पाहिलेली नाही, तेव्हा काही वर्षांची तयारी ठेवा.

तज्ज्ञाचे मत हवेच का, असे विचारणारे अनेक असतात. प्रत्येक प्रकरणात ते अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली किशन राव प्रकरणात स्पष्ट केले. पण तुमचा मुद्दा ‘लक्षणे वेळेत ओळखली नाहीत’ असा वैद्यकीय स्वरूपाचा असल्याने एखाद्या शल्यचिकित्सकाचे लेखी मत जोडणेच शहाणपणाचे. आपल्याच जिल्ह्यातील डॉक्टर आपल्याच जिल्ह्यातील डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला बहुधा कचरतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही. पुण्या-मुंबईतील निवृत्त प्राध्यापक शोधावा.

भरपाईचा अंदाज द्यायचा तर मोटार अपघातांत वापरले जाणारे गुणकाचे सूत्र हाताशी घेता येते. आयोगाला ते बंधनकारक नाही, पण मागणी हवेत राहत नाही. डेअरीचे उत्पन्न, शेतातील श्रम आणि घरकाम मिळून महिना 15,000 रुपये धरले तर वर्षाचे 1,80,000 होतात. त्यातून तिच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करून 1,20,000 उरतात, आणि 41 ते 45 या वयोगटासाठी 14 हा गुणक लावल्यास 16,80,000 होतात. उपचारांचा खर्च आणि मुलांनी आई गमावल्याची भरपाई यावर वेगळी. डेअरीच्या पासबुकातील दुधाच्या नोंदी जरूर जोडा. घरकामाला मोल नसते असे समोरून कोणी म्हणाले, तर गृहिणीच्या श्रमाचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 सालीही पुन्हा सांगितले आहे.

पोलिसांबद्दल थोडे वेगळे बोलावे लागेल. ‘असा गुन्हा दाखल होत नाही’ हे त्यांचे म्हणणे चुकीचे आहे. पण तो सहज दाखल होत नाही, हे खरे. जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की फौजदारी जबाबदारीसाठी साधा नव्हे, तर घोर निष्काळजीपणा लागतो. तपासी अधिकाऱ्याने त्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे मत घ्यावे, आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये. तुमच्या पत्नीचा मृत्यू 1 जुलै 2024 नंतरचा असल्याने भारतीय न्याय संहितेचे कलम 106 लागू होते. त्यात इतरांसाठी पाच वर्षांपर्यंत, तर वैद्यकीय प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही लेखी तक्रार पोलीस ठाण्यात आणि तिची प्रत पोलीस अधीक्षकांकडे द्या, तज्ज्ञ समितीचा अहवाल मागा, आणि काहीच न झाल्यास प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येईल. मात्र माझे स्पष्ट मत असे की शवविच्छेदन नसताना आणि मूळ इजा ‘ज्ञात गुंतागुंत’ असताना फौजदारी मार्गावर सगळी शक्ती खर्च करू नये. त्या मार्गाने मुलांच्या शिक्षणाला एक रुपयाही मिळत नाही, आणि त्याच्या निकालाची वाट पाहत आयोगाची दोन वर्षे निघून गेलेली कुटुंबे मला भेटली आहेत.

मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे शपथपत्रासह तक्रार समांतर करता येते. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते किंवा त्याची नोंदणी काही काळ स्थगित करू शकते. भरपाई देण्याचा अधिकार तिला नाही.

प्रश्न : माझ्या बहिणीचे सरकारी रुग्णालयात सिझेरियन झाले. रात्री रक्तस्राव थांबेना, डॉक्टर हजर नव्हते, आणि सकाळी मिरजेला नेताना वाटेतच ती गेली. मिरजेत शवविच्छेदन झाले आहे. बाळ सुखरूप आहे आणि आमच्या आईकडे आहे. दाजी दुसऱ्या लग्नाच्या तयारीत असून त्यांना या भानगडीत पडायचे नाही. एका वकिलांनी सांगितले की उपचार फुकट होते, म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही. सात महिने झाले. मी भाऊ या नात्याने काय करू?
(जत तालुका, जि. सांगली)

उत्तर : त्या वकिलांचे म्हणणे ग्राहक आयोगापुरते बरोबर आहे. 1995 साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, परंतु जेथे सर्वच रुग्णांना मोफत सेवा मिळते ते सरकारी रुग्णालय बाहेर राहिले. (जेथे काही रुग्ण पैसे देतात आणि काहींना मोफत उपचार मिळतात, अशा धर्मादाय रुग्णालयात मात्र मोफत उपचार घेणाऱ्यालाही ग्राहकाचे हक्क आहेत. हा फरक अनेकांना ठाऊक नसतो.) पण आयोगाचे दार बंद म्हणजे सगळीच दारे बंद, असे नव्हे.

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहून गेला आणि ती दगावली. तिच्या पतीने आणि मुलांनी दिवाणी न्यायालयात दावा केला आणि तेथे भरपाई मंजूर झाली. उच्च न्यायालयात तो फेटाळला गेला, आणि अखेर 1996 साली अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 36,000 रुपयांची भरपाई कायम केली. पोटात टॉवेल राहणे ही वस्तुस्थितीच निष्काळजीपणा बोलून दाखवते, आणि नेमक्या कोणत्या डॉक्टरची चूक हे सिद्ध झाले नाही तरी राज्य शासन आपल्या नोकरांसाठी जबाबदार आहे, असे त्यात म्हटले आहे. तुमचा दावाही शासनाविरुद्ध दिवाणी न्यायालयातच होईल.

त्यासाठी तीन गोष्टी सांभाळा. पहिली, मुदत. प्राणांतिक अपघात कायदा, 1855 खालील दावा मृत्यूपासून दोन वर्षांत करावा लागतो. दुसरी, शासनावर दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हा नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, तरी तिच्यासाठी शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका. तिसरी गोष्ट तुमच्या नात्यासंबंधीची आहे. 1855 च्या त्या कायद्यात पती, पत्नी, आई-वडील आणि मुले यांच्याचसाठी भरपाई मागता येते. भावाचा उल्लेख नाही. तेव्हा दावा बाळाच्या नावाने, तुमच्या आईने अज्ञान पालनकर्ती (म्हणजे अल्पवयीन बाळाची पालक) म्हणून आणि स्वतःही वादी होऊन करावा. दाजी तयार नसतील तर त्यांना प्रतिवादी करून ठेवता येते. बाळ सज्ञान होईपर्यंत मुदत थांबते असे कोणी सांगेल, आणि त्यात काही तथ्यही आहे. पण 18 वर्षांनी साक्षीदार कुठले आणि कागद कुठले!

कागदांच्या बाबतीत तुमची स्थिती कोरेगावच्या पत्रलेखकापेक्षा बरी आहे, कारण सरकारी रुग्णालयाला माहितीचा अधिकार लागू आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून बहिणीचे सर्व केसपेपर, त्या रात्रीचा डॉक्टरांचा ड्युटी तक्ता आणि हजेरीपत्रक, रक्तसाठ्याची नोंद आणि रुग्णवाहिकेची नोंदवही मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. डॉक्टर हजर नव्हते हे तुम्ही सांगणे आणि हजेरीपत्रकाने सांगणे यांत फार अंतर आहे. शिवाय प्रत्येक मातामृत्यूचे जिल्हा पातळीवर अन्वेषण होते. ते दोष ठरवण्यासाठी नसते, तरी तुमच्या आईला तेथे म्हणणे मांडण्यास बोलावले असेल तर तिने काय सांगितले ते आजच लिहून ठेवा.

खर्चाची काळजी करू नये. स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जतच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे किंवा सांगलीच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करा, अथवा 15100 या क्रमांकावर विचारा. उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचाही मार्ग आहे, आणि ऑगस्ट 2025 पासून सातारा-सांगलीकरांसाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. तथापि, डॉक्टर हजर होते की नव्हते यासारखा वस्तुस्थितीचा वाद असेल तर उच्च न्यायालय बहुधा दिवाणी न्यायालयाकडेच बोट दाखवते.

प्रश्न : हर्नियाच्या शस्त्रक्रियेत भूल दिल्यानंतर वडील टेबलवरच गेले. रागाच्या भरात माझ्या पुतण्याने रुग्णालयाच्या काउंटरची काच फोडली. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आहे. आता रुग्णालय म्हणते की 4 लाख घ्या, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘आमची कसलीही तक्रार नाही’ असे लिहून द्या, म्हणजे पुतण्याचेही मिटवू. काय करावे?
(पाटण तालुका, जि. सातारा)

उत्तर : पुतण्याचे प्रकरण हलके समजू नका. वैद्यकीय सेवा संस्थांमधील हिंसाचाराविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यानुसार हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई आहे. अटक झालेली नसेल तर अटकपूर्व जामिनासाठी ताबडतोब अर्ज करा. काचेची किंमत भरून देण्याची तयारी दाखवण्यात कमीपणा नाही.

परंतु काच आणि वडील यांची अदलाबदल करू नका. पैशांचा समझोता करणे पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि 4 लाख वाजवी वाटत असतील तर घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. पोलिसांकडे जाणार नाही, अशी अट मात्र कायद्याने निरर्थक आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा आपसांत मिटवण्याजोगा नाही, आणि गुन्ह्याची फिर्याद दाबण्यासाठी केलेला करार न्यायालय मान्य करत नाही. त्यामुळे तो कागद तुमची भरपाईची तक्रार बुडवील, पण पुतण्याला वाचवीलच याची खात्री नाही. त्याच्यावरील गुन्हा रद्द व्हायचा तर तो उच्च न्यायालयाच्या आदेशानेच. शस्त्रक्रियेपूर्वीची हृदयाची तपासणी, भूलतज्ज्ञाची नोंद आणि शवविच्छेदनाचा अहवाल हाती आल्याशिवाय 4 लाख कमी की जास्त, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.

समझोता करायचाच ठरला, तर तो दोन्हीकडच्या वकिलांसमोर करावा, रक्कम धनादेशाने घ्यावी, आणि पुतण्याचा विषय त्या कागदात आणू नये. त्यावर आई, भाऊ, लग्न झालेल्या बहिणी अशा सर्व वारसांच्या सह्या लागतील. ज्याची सही नाही त्याचा हक्क त्या कागदाने संपत नाही, हे रुग्णालयाच्या वकिलांना चांगले ठाऊक असते. तेव्हा उद्या एखादा माणूस तुमच्या आईला एकटीला गाठून स्टॅम्पपेपर पुढे करील, हे गृहीत धरा आणि तिला आजच सांगून ठेवा.